स्वस्त होस्टिंगचा हिशेब

समजा, एका दिवाळी अंकाची वेबसाइट आहे. वर्डप्रेसवर चालणारी, मागच्या दहा-बारा अंकांतले निवडक लेख, मुखपृष्ठं, व्यंगचित्रं आणि वर्गणीचा फॉर्म. संपादकांच्या ओळखीतल्या एका हुशार पोराने ती कधीतरी उभी केली आणि ‘पुढे वाढली तर अडचण नको’ म्हणून क्लाउडवर चार जीबी मेमरीचा स्वतंत्र व्हर्च्युअल सर्व्हर घेतला. महिना २४ डॉलर, वर १८ टक्के जीएसटी. डॉलर ८५ रुपयांना धरला तरी वर्षाचे जवळपास २९ हजार रुपये. पोरगा पुढे नोकरीसाठी बंगळुरूला गेला, बिल मात्र मागे राहिलं. लेखकांच्या मानधनाचा विषय निघाला की घसा खाकरणारा अंक कुठल्याशा परदेशी कंपनीला दर महिन्याला बिनबोभाट पैसे मोजत राहतो, कारण ते कार्डावरून आपोआप जातात.

मग कुणीतरी सुचवतं की शेअर्ड होस्टिंग घ्या, महिना दीडशे रुपयांत काम होतं. ऐकणाऱ्याला पहिली शंका येते ती फसवणुकीची. एवढा फरक कसा असेल? फरक खरा आहे आणि त्यामागची कारणं समजली की आपल्याला तो परवडेल की महागात पडेल हेही कळतं.

सुरुवातीच्या वेबवर एका पत्त्यावर एकच साइट राहू शकत होती. ब्राउझर सर्व्हरला जोडला जायचा आणि ‘अमुक पान दे’ एवढंच म्हणायचा. कुठल्या साइटचं पान, हे सांगायची सोयच नव्हती. जानेवारी १९९७ मध्ये एचटीटीपीची १.१ ही आवृत्ती प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली आणि तिने प्रत्येक मागणीसोबत ‘होस्ट’ नावाची एक ओळ सक्तीची केली. त्या ओळीत साइटचं नाव असतं. एवढ्याशा ओळीमुळे एकाच मशीनवर, एकाच आयपी पत्त्यावर शेकडो साइट ठेवता येऊ लागल्या. शेअर्ड होस्टिंगचा सगळा धंदा या ओळीवर उभा आहे.

सुरक्षित जोडणी, म्हणजे एचटीटीपीएस आल्यावर तोच पेच पुन्हा उभा राहिला. आता संभाषण कुलूपबंद करायचं तर सर्व्हरने आधी प्रमाणपत्र दाखवायला हवं. पण कुणाचं दाखवायचं हे सांगणारी होस्टची ओळ कुलपाच्या आत. २००३ मध्ये त्यावर एसएनआय नावाचा तोडगा निघाला: नाव कुलपाच्या बाहेरच सांगायचं. पण विंडोज एक्सपीवरच्या इंटरनेट एक्सप्लोररला ते कधीच जमलं नाही, आणि एक्सपी तर आपल्याकडे प्रत्येक सायबर कॅफेत आणि प्रत्येक सरकारी कचेरीत. त्यामुळे कित्येक वर्षं सुरक्षित साइट हवी तर वेगळा आयपी विकत घ्या, असाच प्रकार होता. मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१४ मध्ये एक्सपीला दिलेला आधार काढून घेतला, डिसेंबर २०१५ मध्ये लेट्स एन्क्रिप्ट या सेवेने फुकट प्रमाणपत्रं सगळ्यांना खुली केली, आणि दीडशे रुपयांच्या योजनेतही ब्राउझरमध्ये कुलूप दिसू लागलं.

पत्त्याची किंमत किती, हे मोठ्या क्लाउडच्या बिलावर आता स्वच्छ दिसतं. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी. त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला. ॲमेझॉनने १ फेब्रुवारी २०२४ पासून अशा प्रत्येक सार्वजनिक पत्त्याला तासाला अर्धा सेंट लावला. महिन्याचे साधारण ३.६० डॉलर, म्हणजे तीनशे रुपये. साइट, मेमरी, डिस्क सोडा. नुसत्या पत्त्याचं भाडं शेअर्ड होस्टिंगच्या दुप्पट.

दुसरं कारण कंपन्या जाहिरातीत सांगत नाहीत. सदाशिव पेठेतली मेस शंभर विद्यार्थ्यांचे महिन्याचे पैसे घेते आणि स्वयंपाक सत्तर-ऐंशींचाच करते, कारण कुणी गावी गेलेलं असतं, कुणी बाहेर खातं. होस्टिंगवाला याच्या कितीतरी पुढे जातो. त्याच्या मशीनवरच्या बहुतेक साइट जवळजवळ झोपलेल्या असतात: बंद पडलेल्या दुकानाची, निवडणूक हरलेल्या उमेदवाराची, लग्नाच्या आमंत्रणाची. त्या साइट पैसे भरतात आणि काही वापरत नाहीत. आपलं स्वस्त होस्टिंग त्यांच्या जिवावर चालतं. यात गैर काही नाही. फक्त आपण त्या झोपलेल्यांतले आहोत की रोज दोन्ही वेळ जेवणाऱ्यांतले, हे ठाऊक असावं.

जागं कोण आणि झोपलेलं कोण, यावर लक्ष ठेवायची व्यवस्थाही असते. अनेक शेअर्ड सर्व्हरवर क्लाउडलिनक्स नावाची २०१० मध्ये आलेली प्रणाली चालते. ती प्रत्येक खात्याभोवती कुंपण घालते. तिच्या मूळ मांडणीत एका खात्याला प्रोसेसरचा एक कोअर, एक जीबी मेमरी आणि २० ‘एन्ट्री प्रोसेस’ मिळतात. कंपन्या हे आकडे योजनेनुसार वरखाली करतात. एन्ट्री प्रोसेस म्हणजे एका क्षणी पीएचपीत (वर्डप्रेस ज्या भाषेत चालतं ती) पान बनवण्यासाठी आत शिरलेल्या मागण्या. एकविसावी आली की तिला ५०८ क्रमांकाची चूक दिसते: साधनांची मर्यादा संपली.

आपल्या दिवाळी अंकाला हे लावून पाहू. एक पान बनवायला प्रोसेसरचा ०.४ सेकंद वेळ लागतो असं धरा. प्लगइनांनी लदलेल्या वर्डप्रेसला एवढा सहज लागतो. एका कोअरवर सेकंदाला अडीच पानं बनतील. अकरा महिने हे पुरून उरतं. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी संपादक अंकाची लिंक आपल्या सगळ्या व्हॉट्सॲप गटांवर टाकतात आणि मिनिटभरात तीनशे जण ती उघडतात. म्हणजे सेकंदाला पाच मागण्या. अडीच निकालात निघतात, अडीच रांगेत साठतात. वीसची रांग आठ सेकंदांत भरते. नवव्या सेकंदापासून ज्यांनी लिंक उघडली त्यांतल्या जवळपास निम्म्यांना ५०८ दिसतो, आणि त्यातले बरेच परत येत नाहीत.

म्हणून ‘महिन्याला किती लोक येतात’ हा प्रश्न इथे निरुपयोगी आहे. विचारायचं ते वर्षातल्या सगळ्यात गर्दीच्या मिनिटाबद्दल. त्याचं उत्तर जुन्या सर्व्हरच्या ॲक्सेस लॉगमध्ये पडलेलं असतं. लॉगमधली प्रत्येक ओळ म्हणजे एक मागणी: कुठून आली, केव्हा आली, काय मागितलं, काय मिळालं. दिवाळीच्या दिवसाचा लॉग उघडा आणि मिनिटागणिक ओळी मोजा. त्यातून चित्रं, फॉन्ट, स्टाइलच्या फाइली वगळा, कारण त्यांना पीएचपी लागत नाही. मग उरलेल्यांत माणसं किती ते बघा. बहुतेकदा गंमतच दिसते. निम्म्याहून जास्त ओळी सर्च इंजिनच्या आणि इतर यंत्रांच्या असू शकतात, आणि काही तर केवळ लॉगिनच्या पानावर रात्रंदिवस पासवर्ड आजमावणाऱ्या. त्यातली प्रत्येक धडक एक एन्ट्री प्रोसेस खाते. महागड्या सर्व्हरवर हा भार जाणवत नव्हता, एवढंच.

गर्दीवरचा उपाय मात्र स्वस्त आहे. कॅशिंग प्लगइन लावला की एकदा बनलेलं पान साध्या एचटीएमएल फाइलच्या रूपात ठेवलं जातं आणि पुढच्या वाचकाला पीएचपी न जागवता दिलं जातं. दिवाळी अंकाचा लेख सगळ्यांना सारखाच दिसतो, त्यामुळे तीनशे काय, तीन हजार वाचक आले तरी शेअर्ड सर्व्हर हूं की चूं करत नाही. ज्या साइटवर प्रत्येकाला वेगळं दिसतं, म्हणजे लॉगिन, खरेदीची टोपली, परीक्षेचा निकाल, तिथे हा उपाय लंगडा पडतो. माझं स्पष्ट मत आहे की पैसे घेणारं दुकान किंवा विद्यार्थ्यांची ऑनलाइन परीक्षा शेअर्ड होस्टिंगवर ठेवू नये. बाकी लेख, माहिती, छायाचित्रं, संपर्क एवढंच असलेल्या मराठी संस्थांच्या साइटना स्वतंत्र सर्व्हर ही निव्वळ हौस आहे.

‘अनलिमिटेड स्टोरेज’ या जाहिरातीबद्दलही थोडं. जागा अमर्याद असते, फाइलींची संख्या नसते. प्रत्येक फाइलला एक आयनोड लागतो आणि बऱ्याच योजनांत आयनोडची मर्यादा दोन-अडीच लाखांच्या आसपास असते. आकडा मोठा वाटतो. पण वर्डप्रेसवर चार हजार पिक्सेल रुंदीचा एक फोटो चढवला की तो एकटा राहत नाही. मूळ फाइल, २५६० पिक्सेलची छोटी केलेली प्रत, आणि १५०, ३००, ७६८, १०२४, १५३६, २०४८ अशा मापांच्या प्रती, झाल्या आठ. थीमची स्वतःची मापं असतील तर आणखी. वीस हजार फोटोंचा संग्रह असलेली गिर्यारोहण संस्था दीड लाखाच्या पुढे केव्हाच जाते. त्यात ईमेलचा प्रत्येक निरोपही एक फाइल असतो.

ईमेलवरून आठवलं: होस्टिंगसोबत फुकट मिळणाऱ्या ईमेलचा मोह टाळावा. त्याच आयपी पत्त्यावरचा एखादा शेजारी हजारोंनी फालतू मेल पाठवतो, पत्ता काळ्या यादीत जातो, आणि आपण वर्गणीदाराला पाठवलेली पावती त्याच्या स्पॅममध्ये पडते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने पाठवणाऱ्याच्या ओळखीचे नियम कडक केले, त्यामुळे हा त्रास वाढलाच. मेल वेगळ्या सेवेवर असलेलं बरं. साइट हलवतानाही त्याचा मोठा उपयोग होतो, तो कसा ते पुढे येईलच.

आता प्रत्यक्ष हलवाहलवी. फाइली नेणं हे हमालीचं काम, त्यात बुद्धी लागत नाही. खरी गोम डेटाबेसमध्ये असते, आणि मराठी साइटना ती जरा जास्तच छळते.

युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ‘मराठी’ या शब्दात पाच चिन्हं आहेत: म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी. म्हणजे १५ बाइट. आता, मायएसक्यूएल हा डेटाबेस मूळचा स्वीडनमधल्या कंपनीचा. २०१८ मध्ये त्याची ८.० आवृत्ती येईपर्यंत, वेगळं सांगितलं नाही तर, तो मजकूर लॅटिन-१ समजायचा आणि अकारविल्हे लावताना स्वीडिश क्रम वापरायचा. कित्येक मराठी साइटचे जुने टेबल आजही कागदोपत्री लॅटिन आणि स्वीडिश आहेत! वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण वर्डप्रेस मराठीचे बाइट आत टाकत होतं आणि तेच बाइट जसेच्या तसे बाहेर काढत होतं. डेटाबेसला त्यातलं काही कळत नव्हतं आणि कळायची गरजही नव्हती.

साइट हलवताना बॅकअप काढणारं साधन चलाखी करतं. टेबल लॅटिन आहे असं वाचून ते प्रत्येक बाइटला एक स्वतंत्र लॅटिन अक्षर मानतं आणि त्याचं इमानेइतबारे यूटीएफ-८ करून देतं. नव्या सर्व्हरवर ‘मराठी’च्या जागी पंधरा चिन्हांची रांग उमटते. तिची ठेवण एकदा पाहिली की विसरत नाही. प्रत्येक तिसऱ्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेलं फ्रेंच ‘अ’, त्याच्या शेजारी चार पाय फुटलेल्या गोळ्यासारखं चलनाचं चिन्ह, आणि अधूनमधून चक्क जपानी येन. हे येन कुठून येतात? देवनागरीच्या चिन्हांचा पहिला बाइट सारखाच असतो. दुसरा बहुतेक व्यंजनांचा आणि कान्याचा एक, तर दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा, पाय मोडणारा हलन्त यांचा दुसरा. लॅटिनमध्ये हा दुसरा बाइट म्हणजे येन. जोडाक्षरांनी भरलेला एखादा संस्कृतप्रचुर अग्रलेख असा बिघडला की टोकियोच्या शेअरबाजाराचा तक्ता वाटतो.

हा बिघाड भयंकर दिसला तरी दुरुस्त होतो. बॅकअप काढताना जोडणी मुद्दाम लॅटिन ठेवायची, म्हणजे बाइट न बदलता बाहेर येतात. मग बॅकअपच्या फाइलीत जिथे लॅटिन लिहिलंय तिथे यूटीएफ-८ करून ती नव्या ठिकाणी चढवायची. मात्र पानावर फ्रेंच अक्षरांऐवजी नुसती प्रश्नचिन्हं दिसली तर ती गोष्ट निराळी. तिथे रूपांतर करणाऱ्या साधनाला अक्षर बसवता आलं नाही आणि त्याने ते टाकून दिलं. त्या प्रतीतून मजकूर परत येत नाही. जुन्या सर्व्हरवरची मूळ प्रत हवी. जुना सर्व्हर घाईने बंद करू नये याचं हे पहिलं कारण.

आणखी एक खोडी. वर्डप्रेस आपल्या काही सेटिंग्ज लांबीसकट साठवतं: हा मजकूर, आणि तो इतक्या बाइटचा. पत्ता बदलला म्हणून डेटाबेसच्या फाइलीत सरसकट शोधा-आणि-बदला केलं की मजकूर बदलतो, लांबी जुनीच राहते. दोन्ही जुळले नाहीत की पीएचपी ती सेटिंगच नाकारतं, आणि बाजूच्या पट्टीतले विजेट मुकाट्याने गायब होतात. डब्ल्यूपी-सीएलआय या साधनातली शोधा-आणि-बदलाची सोय लांबीही सुधारते. ती वापरावी.

नवी प्रत तयार झाली की जगाला दाखवण्याआधी आपण एकट्याने पाहावी. आपल्या संगणकातल्या होस्ट्स फाइलमध्ये साइटचं नाव आणि नवा आयपी अशी एक ओळ लिहिली की फक्त आपल्याला नवा सर्व्हर दिसतो, बाकी जग जुन्यावरच असतं. शोध चालतो का, फॉर्म जातो का, २०१४ च्या अंकातलं मुखपृष्ठ उघडतं का, हे इथेच निवांत तपासता येतं.

मग डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी सांगणाऱ्या नोंदी. या नोंदी नेमसर्व्हरवर असतात. नव्या कंपनीचा स्वागताचा मेल सांगतो की नेमसर्व्हर बदला आणि २४ ते ४८ तास थांबा. हे ४८ तास दंतकथा नाहीत: डॉट कॉमच्या वरच्या पातळीवर नेमसर्व्हरची नोंद १,७२,८०० सेकंद, म्हणजे बरोबर दोन दिवस लक्षात ठेवण्याच्या सूचनेसह दिली जाते. पण नेमसर्व्हर बदलायची गरज क्वचितच असते. ते बदलले की सगळ्या नोंदी नव्या कंपनीकडे जातात. तिथे मेलची, म्हणजे एमएक्सची नोंद कुणी केलेली नसते. आणि संस्थेचा पत्रव्यवहार दोन दिवस कुठेतरी हवेत जातो. त्याऐवजी नेमसर्व्हर आहेत तिथेच ठेवून फक्त साइटचा पत्ता सांगणारी ए नोंद बदलावी. मेल वेगळ्या सेवेवर असेल तर त्याला यात धक्काच लागत नाही. त्या नोंदीची टीटीएल, म्हणजे ती किती वेळ लक्षात ठेवायची याची मुदत, आदल्या दिवशी ३०० सेकंदांवर आणून ठेवली तर बहुतेक वाचक पाच-दहा मिनिटांत नव्या सर्व्हरवर पोचतात. काही बिघडलं तर तेवढ्याच वेळात परतही फिरता येतं. बदल करण्याआधी जुन्या साइटवरचे प्रतिसाद आणि फॉर्म बंद ठेवावेत, नाहीतर मधल्या काळातली वर्गणीची नोंद जुन्या डेटाबेसात अडकून बसते.

सर्व्हर कुठे आहे हेही ऑर्डर करतानाच बघावं, नंतर सहसा बदलता येत नाही. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर. जाऊन येऊन किमान १२५ मिलिसेकंद. समुद्राखालच्या केबल वळसे घेत जातात, म्हणून प्रत्यक्षात दोनशेच्या वर. पहिलं पान उघडायला अशा तीन फेऱ्या तरी होतात. नाशिकचा वाचक असेल तर मुंबईतला सर्व्हर घ्यावा. अंकाचे निम्मे वाचक न्यू जर्सी आणि बे एरियात असतील तर हा विचार उलटा करावा लागेल, किंवा मधे फुकटातला सीडीएन, म्हणजे पानांच्या प्रती वाचकाजवळच्या सर्व्हरवर ठेवणारी सेवा, घालावा.

बॅकअप होस्टिंगवाला घेतो, असं योजनेत लिहिलेलं असतं, पण तेवढ्यावर विसंबू नये. १० मार्च २०२१ च्या मध्यरात्रीनंतर फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग शहरात ओव्हीएच कंपनीचं पाच मजली डेटा सेंटर जळून खाक झालं. इंटरनेटवरच्या साइटची मोजदाद करणाऱ्या नेटक्राफ्ट कंपनीच्या अंदाजाने सुमारे ३६ लाख साइट त्या रात्री बंद पडल्या. ज्यांचे बॅकअप त्याच आवारात होते अशा काही ग्राहकांचं दोन्ही गेलं, आणि प्रकरण कोर्टात जाऊन कंपनीला भरपाई द्यावी लागली. तेव्हा महिन्यातून एकदा डेटाबेस आणि अपलोडचा फोल्डर उतरवून घरच्या हार्ड डिस्कवर ठेवणं आलंच. लहान साइटला यात अर्धा तास जातो.

वर्षाच्या हिशेबात एक आकडा मात्र दुरुस्त करायला हवा. दीडशे रुपये हा पहिल्या मुदतीचा भाव असतो. रिन्यूअलला तो सहज दुप्पट-तिप्पट होतो, आणि पहिला भाव मिळवायला बहुधा तीन-चार वर्षांचे पैसे एकरकमी भरावे लागतात. महिना साडेचारशे धरले तरी जीएसटीसह वर्षाचे साडेसहा हजारांच्या आत. २९ हजारांच्या तुलनेत बचत उरतेच, जाहिरातीत दिसली तेवढी नाही.

जुना सर्व्हर महिनाभर चालू ठेवावा. तो बंद करताना नुसतं ‘ऑफ’ करून भागत नाही. बंद मशीनचीही डिस्क अडवलेली असते आणि बिल चालूच राहतं. तो नष्ट करावा लागतो, त्याचे जुने स्नॅपशॉट वेगळे पुसावे लागतात, राखून ठेवलेला आयपी परत करावा लागतो. त्याआधी शेवटचा बॅकअप आणि दिवाळीच्या दिवसांचे लॉग उतरवून घ्यावेत, पुढच्या वर्षी नव्या योजनेची मर्यादा ठरवताना तेच कामी येतील. आणि पुढच्या महिन्याचं कार्डाचं स्टेटमेंट आलं की त्या कंपनीचं नाव त्यात नाही ना, तेवढं बघून घ्यावं.